प्रत्येक गुरगुरणं रागाचं नसतं

कुत्रा गुरगुरला की लगेच ओरडा, हा तुमच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. आमची कुत्री राणी रोज संध्याकाळी जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यावरून माझ्या मुलाशी ओढाओढी करते आणि गुरगुरते तर इतकी, की जिन्यातून जाणारे पाहुणे थबकतात. पण तिच्याकडे नीट बघा. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर, अंग सैल, तोंड उघडं, मध्येच एखादी शिंक. मुलानं चादर सोडली तर तीच पुन्हा आणून त्याच्या हातात देते! खेळातलं गुरगुरणं असं तुटक, भराभर येतं.

हाड राखणाऱ्या कुत्र्याचं वेगळं. आवाज लांब ओढलेला, अंग ताठ, नजर रोखलेली. तिथं हात घालायचाच नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी गुरगुरण्याचे असे वेगवेगळे आवाज माणसांना ऐकवले होते, २०१७ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. खेळातलं गुरगुरणं लोकांनी ८१ टक्के वेळा बरोबर ओळखलं. धमकीचं आणि अन्न राखतानाचं यांत मात्र त्यांची गल्लत झाली.

ओरडून गुरगुरणं दाबलं की कुत्र्याची भीती तशीच राहते, पूर्वसूचना तेवढी बंद होते. मग तो न गुरगुरता चावू शकतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं की राणी पलंगाखालून गुरगुरते. आम्ही तिला ओढून बाहेर काढत नाही. खिडक्या लावतो, टीव्ही मोठा करतो, तिची ती येते. लेखातलं ते वाक्य कृपया बदला, घरात लहान मुलं असणारे लोकही हे वाचतात.