माहिती आमच्या घरची, मग घरात का नाही?

आज दुपारी शेजारच्या ओट्यावर आशाताई सीबॅक फॉर्म भरत होती, म्हणजे तिशीपुढच्या माणसाला बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका किती ते बघायची प्रश्नावली. कंबरेचा घेर किती, तंबाखू खाता का, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का. घरातला तरुण खेकसला, "दरवेळी लिहून नेता, त्याचं पुढं होतं काय?" ती बिचारी गप्प. इतका राग आला मला त्याचा! पण प्रश्न खरा आहे त्याचा. विचारायला हवा होता वरच्यांना.

माझ्या मावशीला रात्री अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात डॉक्टर विचारतायत, बीपी कधीपासून आहे, गोळी कुठली, कधी थांबवली? मावसभावाला एक अक्षर सांगता येईना. आणि मावशीचं बीपी कितीदा तरी मोजलं होतं हो! उपकेंद्राच्या रजिस्टरात आकडे चढत गेलेले आम्ही नंतर पाहिले. घरात मात्र कागदाचा चिटोरा नाही. रात्री त्या कपाटाचं कुलूप कोण उघडणार?

बाळंतिणीला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. बाळाच्या वजनाचा आलेख, लसींच्या तारखा, सगळं आईच्या हातात. मग तिशीपुढच्या माणसाला तसं काही का नको? आभाचा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा, 14 आकडी नंबर आहे म्हणतात. असू दे. मावशीकडे साधा फोन होता, त्या नंबरानं त्या रात्री काय सांगितलं असतं?

आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत काय केलं ते आठवा. गावातल्याच बायका शिकवल्या. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, लिहून ठेवायच्या आणि तिथल्या तिथे उपचार करायच्या. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं औषध दिलं. आपल्याकडे लिहिलेलं तालुक्याला जातं, तिथून जिल्ह्याला, आणि गावाला त्यातलं काही कळत नाही.

हो, सगळं चारचौघांत वाचता येणार नाही. कुणाचा क्षय, कुणाचा गर्भपात, हे त्या माणसाचं खाजगी, मान्य. पण नावं कोण मागतंय? गावात बीपीचे किती, त्यातले किती गोळी सोडून बसलेत, एवढं तर ग्रामसभेत सांगाल?

आणि आशाताईवर आणखी एक वही लादू नका. आधीच रजिस्टरं, अ‍ॅप, सर्व्हे, आणि वर मानधन लांबलेलं. घरची वही घरच्यांनीच लिहावी. दहावीतली पोरगी लिहील. तारीख, बीपी, शुगर, गोळीचं नाव, ती बंद केली तर का केली. ताईनं आकडा मोठ्यानं सांगायचा, बस. मावशीच्या घरी नात होती, सुंदर अक्षराची. तिला कुणी सांगितलंच नाही.

मावशी आता काठी धरून चालते, उजवा हात उचलत नाही. लिहिताना गळा दाटतो माझा.

ग्राम आरोग्य समितीला दरवर्षी निधी येतो, त्यातून घराघरांत वही देता येईल. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, अर्ज आज रात्रीच लिहिते. आपल्या गावातलं कोण सही करणार, खाली नाव टाका. सरपंचांना दाखवणार कुणी असेल तर मला फोन करा.