रामा वलद गणू

आमच्या आत्याचं वय ब्याऐंशी आणि तिच्या मते आमचा मूळ पुरुष पानिपतात तलवार गाजवून परत आला. महाराष्ट्रात कुणाच्याही घरी चहाला जा, तिथला पूर्वज पानिपतात होताच. तिथं नुसते सैनिकच होते, आचारी-भालदार कुणी नव्हतेच, असं वाटावं.

मी हिशोब मांडला. 1761 पासून आजवर नऊ-दहा पिढ्या होतात आणि मला नावं ठाऊक तीन. वडील, आजोबा, पणजोबा. श्राद्धात गुरुजीही एवढीच विचारतात, पुढं विचारलं तर यजमान उठून जाईल हे शास्त्रकारांना माहीत असणार. पणजोबा रामा, त्यांच्या नावाला चिकटून आलेलं वडिलांचं गणू, एवढ्या भांडवलावर मी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये शिरलो.

"कुठलं साल?"

"साल माहीत असतं तर आलो असतो का?"

"मग सालाशिवाय कसं शोधायचं?" असं म्हणून कारकून साहेब जेवायला गेले. जाताना अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून ठेवायला सांगून गेले.

चौथ्या खेपेला कोतवाल बुक हाती आलं. गावातला प्रत्येक जन्म-मृत्यू कोतवालानं सांगायचा आणि यात लिहून घ्यायचा. कागद असा की जोरानं श्वास सोडला तर पापडासारखा तुटेल. लिहिलेलं मोडीत. मोडी म्हणजे आधी आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता धावत सुटायचं. शब्द कुठं संपला हे लिहिणाऱ्याला ठाऊक, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. मी दोन महिन्यांचा वर्ग केला होता. त्या बळावर पहिल्या ओळीत मला "म्हैस" सापडली. सोबत आणलेल्या मोडी वाचकांनी चष्मा पुसला आणि ते "महिना" असल्याचं सांगितलं.

मग रामा सापडला. रामा वलद गणू. वलद म्हणजे मुलगा. पाठोपाठ दुसरा रामा वलद गणू. संध्याकाळपर्यंत चार झाले. आडनाव कशालाच नाही. गावात सगळी एकच भावकी, आडनाव लिहून शाई कोण घालवणार? बायकांच्या नावापुढं "कोम" आणि नवरा. तोही रामाच.

1918 सालची पानं मात्र वाचकांनी मोठ्यानं वाचली नाहीत. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. एका घरातली तीन नावं एकाखाली एक, आणि तिसऱ्या नावाशी अक्षरही बदललेलं. लिहिणाराच गेला की काय, कोण जाणे. आम्ही बाहेर येऊन न बोलता चहा प्यालो.

शेवटी नाशिक गाठलं. रामकुंडावर उपाध्यायांनी दोनच प्रश्न विचारले: "गाव? आडनाव?" सरकारनं मला चार खेपा घालायला लावल्या, इथं पंधरा मिनिटांत नामावली उघडली. लाल कापडात बांधलेली लांबट वही, गावागावांप्रमाणे लावलेली. पिढ्यान्‌पिढ्या जो अस्थी घेऊन आला त्यानं घरच्यांची नावं लिहून द्यायची, एवढीच पद्धत.

शके 1840. म्हणजे पुन्हा तेच 1918. रामा बिन गणू, म्हणजे गणूचा रामा, आईच्या अस्थी घेऊन आलेले. सही नाही, अंगठा. अंगठ्याच्या कडेला शाई फुटलेली. दाबताना भलताच जोर दिला असणार. त्या डागावर मी नकळत स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. उपाध्याय खाकरले, तसा उचलला.

खाली लिहिलं होतं: बायका दोन.

आमच्या घरी पणजी एकच. तिचा फोटो हॉलमध्ये आहे, दर दिवाळीला हार बदलतो.

उपाध्यायांनी माझी, मुलांची नावं लिहून घेतली, खाली मोबाईल नंबरही घ्यायला विसरले नाहीत. दक्षिणा देऊन घाटावर आलो आणि आत्याला फोन लावला.

"पानिपत निघालं का रं?"

"पानिपत नाही निघालं. पणजोबा निघाले. रामा बिन गणू. बायका दोन."

पलीकडं बराच वेळ टीव्हीवरच्या मालिकेचाच आवाज येत राहिला.

"ह्यो आपला न्हवं," आत्या म्हणाली. "ह्यो दुसरा रामा."