"टेन्शन नको घेऊ" म्हणणाऱ्यांनो, हातातलं एक काम घ्या

मागच्या महिन्यात उपकेंद्रात बीपी तपासणी होती. गावातल्या बायांना मीच गोळा करून नेलं, आशा सेविका आहे ना मी. सगळ्यांचं झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण बसा." १६०/१००. दहा मिनिटांनी पुन्हा घेतलं, तरी तेच. तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म मी घरोघरी जाऊन भरते, कमरेचं माप घेते, घरात कोणाला शुगर आहे का ते विचारते. मी ३८ वर्षांची. माझाच फॉर्म कोरा होता.

घरी आले तर सगळ्यांचं एकच, "काहून इतकं टेन्शन घेतेस वो?"

घेत नाही बाप्पा, ते येतंच. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. दव उतरलं की ओटी बांधून पऱ्हाटीत शिरायचं, आणि मधेच कोणाचं बाळ सात दिवसांचं झालेलं असतं. ३, ७, १४, २१, २८, ४२ या दिवशी बाळाला बघायला जावंच लागते, आज कापूस आहे म्हणून उद्या जाते असं चालत नाही. ते मला पटतंही. मी बाळाचं अंग हाताला थंड लागलेलं पाहिलं आहे.

पण खरी कंबर मोडते ती रात्री. शेतीची लाईन, म्हणजे वीज, पाळीनं येते, रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला हे बाराला वावरात जातात. अंधार, साप, रानडुकरं. इकडे माझे कान फोनकडे. हे पहाटे चारला येतात, पाचला माझी चूल पेटते. अशा माणसाला "सकाळी अर्धा तास स्वतःला द्या" असे व्हिडिओ पाठवून काय होणार? तो अर्धा तास कोणाच्या तरी हातातून यावा लागतो. दिवसा लाईन द्या ही मागणी मला म्हणूनच फक्त शेतीची वाटत नाही, ती आमच्या झोपेची आहे.

गोळी सुरू केली. घरातही बोलले, पहिल्यांदा रडून नाही, सरळ बोलले. आता सकाळचं पाणी पोरगा भरतो. यांनी धुऱ्याला लागून असलेल्या कास्तकारासोबत पाळी लावली, एका रात्री एकानं दोन्ही वावरांचं पाणी फिरवायचं. संध्याकाळी मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसते, फोन घरी ठेवून. सासूबाई आधी रागावल्या, आता वरणाला फोडणी त्याच देतात.

एक मात्र हात जोडून सांगते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरातला माणूस गप्प गप्प राहू लागला, जेवण सुटलं, तर "होईल ठीक" म्हणून सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला बोलतं करा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. मी तो प्रत्येक घरी दाराच्या मागे खडूनं लिहून देत आहे.

आज लाईन बाराला आहे. यांची पाळी नाही. मी झोपते आता.