पाझर

पार्किंगमध्ये तेलाचा काळा डाग पडला की तो कुणाच्या गाडीचा, यावर आमच्या सोसायटीत मतभेद होत नाहीत. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बोवालं जर्मन इंजिन असलेली दहा वर्षं जुनी गाडी सेकंडहँड घ्यायची बुद्धी अख्ख्या इमारतीत एकालाच झाली. ही गाडी शून्यावरून शंभरावर साडेपाच सेकंदांत जाते म्हणे. म्हणे अशासाठी, की मी कोथरूडमध्ये राहतो.

सेक्रेटरी काकांनी डाग चपलेच्या टोकानं दाखवला. "नवीन टाइल्स आहेत," एवढंच म्हणाले. पुणेकराला त्याहून जास्त बोलावं लागत नाही.

त्या रात्री मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी इंजिनखाली सरकवला. सकाळी टिकलीएवढा डाग. आठवड्याभरात त्याची पुरी झाली. मग मी रोज नवा पुठ्ठा ठेवायला लागलो आणि कोपऱ्यात पेननं तारीख घालायला लागलो. गॅलरीत पुठ्ठ्यांची चळत साठली. आई म्हणाली, "डागांची रोजनिशी ठेवतोयस, आणि कुकरची रिंग आण म्हणून पंधरा दिवस सांगतेय, ते?"

"आणतो," मी म्हणालो.

मेकॅनिक पाठीवर सरकत गाडीखाली गेला, टॉर्च फिरवला आणि तिथूनच निकाल दिला. "चेंबरचं पॅकिंग गेलंय." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं. पुस्तकात ज्याला ऑइल पॅन गास्केट म्हणतात, ते नाना पेठेतल्या पार्ट्सच्या दुकानांत असंच मागावं लागतं, पुस्तकातलं नाव घेतलं की भाव वाढतो.

पण मी लगेच मान्य केलं नाही. तेल वरून खाली येतं आणि आळ सगळ्यात खालच्यावर येतो. हे ऑफिसातही बघितलंय. फिल्टरच्या बैठकीतून किंवा इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरमधून गळालेलं तेलही ओघळत चेंबरलाच येऊन लटकतं. म्हणून आधी इंजिन खालून धुऊन कोरडं केलं आणि आईच्या टाल्कम पावडरचा अर्धा डबा त्यावर शिंपडला. पावडर लावून गाडी दहा किलोमीटर फिरवली. परत येऊन बघतो तर पांढऱ्या पावडरीत काळी रेघ, आणि ती थेट चेंबरच्या सांध्यातूनच निघालेली. आळ खरा होता. दहा वर्षं तापून आणि निवून रबर खाकऱ्यासारखं कडक झालेलं.

"पॅकिंगचं काय नाय दादा," मेकॅनिक म्हणाला, "पण..."

या 'पण'विषयी सविस्तर सांगायला हवं. साध्या गाडीत ऑइल सोडायचं, बोल्ट काढायचे, चेंबर हातात. आमच्या गाडीत चेंबरच्या बरोबर खालून एक आडवा सांगाडा जातो. इंजिन त्याच्यावर बसलेलं, स्टिअरिंग त्यालाच जोडलेलं, पुढची चाकंही त्याच्याच भरवशावर. म्हणजे आधी इंजिन वरून दांड्याला टांगायचं, मग माउंटिंग सोडायची, स्टिअरिंग सोडायचं, सांगाडा उतरवायचा, आणि मग चेंबर. शेवटी चाकांचं अलाइनमेंट पुन्हा. पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला स्लॅब फोडण्यातला प्रकार.

पॅकिंग बाहेरून मागवलं. ते एकोणीस दिवसांनी आलं. रविवारी मी मेकॅनिकच्या हाताखाली राहिलो. त्यानं मला जुनं पॅकिंग खरवडायचं काम दिलं, तेही प्लास्टिकच्या पट्टीनं. लोखंडी पात्यानं ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की तेलाला नवी पायवाट मिळते. दीड तास खरवडलं. दोन भाग जुळतात त्या कोपऱ्यात सिलिकॉनचा ठिपका द्यायचा होता; मी उत्साहात वेणी घातली. त्यानं ती शांतपणे पुसली. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. मग गळतीची चिंताच मिटते, कारण इंजिनच राहत नाही.

बोल्ट आवळताना तर माझा अपमानच झाला. दहा न्यूटन मीटर! म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला किलोभर कांदे टांगले तर जेवढं वळेल तेवढंच. मन म्हणत होतं, अजून एक पीळ दे, पुन्हा गळायला नको. "दादा, आटे गेले तर इंजिनचा ब्लॉक घेऊन कुठं फिरणार?" मेकॅनिकनं टॉर्क पाना माझ्या हातातून काढून घेतला.

सिलिकॉन सुकायला एक दिवस, मग साडेसहा लिटर नवं ऑइल. चार दिवस पुठ्ठा कोरा. मी काकांना मुद्दाम लिफ्टपाशी गाठून तो दाखवला. पाचव्या दिवशी मोहरीएवढा ठिपका. आठव्या दिवशी वाटाणा.

मी जेवताना बोललो नाही. आईनं विचारलं, मी सांगितलं. ती भात वाढता वाढता म्हणाली, "अरे, कडेनं वाफ यायला लागली की मी आधी शिटी काढून नळी बघते. शीत अडकलेलं असतं. नळी तुंबली तर नव्या रिंगेनं काय होणार?"

घास तसाच राहिला. खाली जाऊन इंजिन चालू केलं, ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतून फुंकर आली. पिस्टनच्या कडेनं खाली उतरणारा वायू ज्यातून परत ओढला जायचा, तो ब्रीदरच तुंबलेला. आतला दाब नव्या पॅकिंगला रेटत होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे ब्रीदर उघडला तर आत पिवळट साय. मेकॅनिकनं ती बोटावर घेतली. "गाडी कुठं कुठं नेता?"

"डेक्कन. कधी कधी मंडई."

तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापतच नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही, ती तेलात मिसळून साय धरते. तीनशे घोड्यांची ताकद असलेल्या गाडीला बसून बसून ॲसिडिटी झाली होती.

ब्रीदर बदलला. आता दर रविवारी सकाळी ताम्हिणीपर्यंत जाऊन येतो, औषध म्हणून. तीन आठवडे पुठ्ठा कोरा आहे. काकांनी "बघू पावसाळ्यात" एवढं प्रमाणपत्र दिलंय.

आज ताम्हिणीहून परत आलो तर स्वयंपाकघरात कुकर कडेनं फुसफुसत होता. ओट्यावर पांढरं पाणी ठिबकत होतं. कुकरखाली मिक्सरच्या खोक्याचा उरलेला पुठ्ठा सरकवलेला होता, आणि कोपऱ्यात आईच्या अक्षरात आजची तारीख.