४५ जोड्यांवरून २० लाख मासे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सदर्न ब्लूफिन टूना या समुद्री माशाची संख्या नात्यागोत्यावरून, म्हणजे डीएनए तपासून कोणतं पिल्लू कोणाचं हे ओळखून कशी काढली, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि चांगलंच झोडपून लिहिलंत. तुमचे मुद्दे असे: चौदा हजार माशांमधून फक्त ४५ पालक-पिल्लू जोड्या सापडल्या, त्यावरून लाखांचा आकडा सांगणं ही हातचलाखी आहे, एका कुटुंबातले मासे एकत्रच राहत असतील, तर नमुनाच सदोष, आणि वाढीव आकडा निघाला की फायदा मासेमारी कंपन्यांचाच. शेवटी तुम्ही विचारलंत की हेच कोकणातल्या सुरमईला का लावत नाहीत, एका हंगामात, एका बंदरावर काम होईल.

आधी गणित बघू, कारण खरा गैरसमज तिथे आहे. जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असतोच. समुद्रात प्रौढ मासे जितके जास्त, तितकी हाती लागलेला प्रौढ नेमका त्याच पिल्लाचा पालक निघण्याची शक्यता कमी. वाडीतल्या जत्रेत कुठल्याही पोराची आई चार पावलांवर भेटते, दादर स्टेशनवर भेटत नाही, तसंच हे. सोयीसाठी धरू की नमुन्यात सात हजार प्रौढ आणि सात हजार पिल्लं होती. म्हणजे ताडून बघायच्या जोड्या झाल्या चार कोटी नव्वद लाख. प्रत्येक पिल्लाला दोन पालक, म्हणून त्याची दुप्पट करा आणि ४५ ने भागा. उत्तर येतं साधारण २२ लाख प्रौढ. जोड्या विरळ सापडल्या, तीच तर माहिती आहे! ४५ हा आकडा नशिबाने पाच-सात इकडेतिकडे झाला असता असं मानलं, तरी उत्तर एकोणीस ते सव्वीस लाखांच्या आतबाहेर राहतं. (शास्त्रज्ञ मार्क ब्रॅव्हिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेलं खरं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे. त्यात वय, माप आणि मृत्यूचं प्रमाण हे सगळं येतं.)

दुसरा मुद्दा वजनदार आहे. पण नमुने कुठून आले ते बघा. प्रौढ मासे जावाच्या दक्षिणेला, अंडी घालण्याच्या जागी पकडलेले आणि बालीतल्या बेनोआ बंदरावर उतरवलेले. पिल्लं हजारो किलोमीटर दूर, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट लिंकनला. टूनाची मादी अंडी पाण्यात सोडते आणि निघून जाते. आईच्या मागे पोहणारं पिल्लू इथे नाही. सख्खी भावंडं एकाच जाळ्यात सापडली, तर उत्तरातली अनिश्चितता वाढते, पण ते एका बाजूला झुकत नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती मोठ्या माद्यांची. त्या लहान माद्यांपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालतात, म्हणजे त्यांची पिल्लंही नमुन्यात जास्त येणार. प्रत्येक प्रौढाचं माप गणितात धरलं नाही, तर आकडा चुकू शकतो.

आता कंपन्यांचं. उत्तर आधीच्या अंदाजांपेक्षा बरंच वर गेलं, हे खरं. तरीही मला ही पद्धत मोलाची वाटते, कारण ती बोटवाल्यांनी किती मासे पकडल्याचं सांगितलं यावर उभी नाही. या माशाच्या बाबतीत त्याच आकड्यांवरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. साध्या खूण-पद्धतीत माशाला खूण लावून सोडतात आणि पुन्हा किती सापडतात ते मोजतात, तिथेही खूण लावलेला मासा मिळाल्याचं कुणी कळवलंच नाही, तर सगळं फसतं. इथे खूण जन्मतःच अंगात असते आणि मेलेल्या माशाचा मांसाचा तुकडाही पुरतो. वाघाला पट्टे आहेत, कॅमेऱ्यात ओळखू येतो. टूनाला काय आहे?

शिवाय ही पद्धत दरवेळी मोठाच आकडा देते असं नाही. २०१८ मध्ये पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ग्रेट व्हाइट शार्कचा अंदाज आला तो फक्त ७५० प्रौढांचा, शक्यतेची मर्यादा ४७० ते १०३०. तिथे प्रौढ हाती लागत नाहीत, म्हणून पिल्लांमधली सावत्र भावंडं शोधली. त्यात एक अडचण असते: सावत्र भावंडं आणि आजी-नातू यांच्यातला जनुकीय सारखेपणा सरासरी एकसारखाच, एक चतुर्थांश. म्हणून पिल्लांची वयं माहीत असावीच लागतात. संरक्षण मिळाल्यापासून त्या शार्कची प्रौढ संख्या वाढल्याचं दिसलं नाही. शार्क माजलेत म्हणून मारून टाका, अशी ओरड होत असताना हा आकडा फार कामाचा होता. त्यामुळे पद्धत कुणाच्या बाजूची, हा तुमचा संशय मला पटत नाही. मात्र आकडा आल्यावर मासेमारीचा कोटा किती वाढवायचा, त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं, यात मी पूर्ण तुमच्याबरोबर आहे.

राहिली सुरमई. किती नमुने लागतील याचा ढोबळ हिशेब असा: प्रौढांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, दहाने गुणा. वीस लाखांना चौदा हजार, म्हणजे टूनाच्या कामात लागले तेवढेच. मासे शंभर पट असले, तर नमुने दहा पट लागतात. त्याआधी आपल्या किनाऱ्यावरची सुरमई आणि गुजरात-कर्नाटकची सुरमई एकाच थव्याची का, हे कळायला हवं. नाहीतर आकडा नेमका कुठल्या समुद्राचा, हेच सांगता येणार नाही. बंदरावर उतरणाऱ्या माशांची लांबी आणि कानातल्या खड्यावरून वय नोंदवणं वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागेल. हे व्हावं असं मलाही फार वाटतं, पण तुम्ही म्हणता तसं एका हंगामात, एका बंदरावर होणारं हे काम नाही.