कान कोणता, ते आधी बोला

बी.फार्म. किंवा बीएचएमएस होऊन ऐरोलीच्या नाहीतर हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत मेडिकल कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी आजाराला नि भेटीला कोड लावणारे, म्हणून रुजू झालात? अभिनंदन. आत मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. कॉलेजात कानाबद्दल जे काही शिकलात तेही तिथंच ठेवून या. अमेरिकेतल्या कुण्या बाईंचा चार्ट स्क्रीनवर येईल: क्रॉनिक ओटायटिस एक्स्टर्ना, म्हणजे कानाच्या बाहेरच्या नळीची जुनाट सूज. खाज, सालपटं, अधूनमधून पाणी. 'इयरबडनं कोरत असणार' असं मनात आलं तर गिळून टाका. कोडरनं निदान करायचं नसतं. डॉक्टरनं लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे तुमच्या धंद्याचं पहिलं शास्त्रवचन.

दुसरं म्हणजे बाजू. १ ऑक्टोबर २०१५ पर्यंत अमेरिकेत आयसीडीची, म्हणजे आजारांच्या कोडांच्या यादीची, नववी आवृत्ती चालायची. त्या बिचारीला डावं-उजवं कळत नव्हतं. दहावीला कळतं. उजव्या कानासाठी एच६०.६१, डाव्यासाठी एच६०.६२, दोन्हींसाठी एच६०.६३, आणि डॉक्टर बाजू लिहायला विसरले तर एच६०.६०. हा शेवटचा कोड पुस्तकात आहे म्हणून वापरायला जाऊ नका. तो लावलात की ऑडिटरचे डोळे चमकतात आणि विमा कंपनीला क्लेम परत पाठवायला निमित्त मिळतं. फक्त एच६०.६१चं शीर्षक फार लक्ष देऊन वाचू नये. त्याचा अर्थ होतो 'अनिर्दिष्ट जुनाट बाह्यकर्णदाह, उजवा कान'. कान कोणता हे खणखणीत सांगितलं, की त्या कानात नेमकं काय चाललंय हे मोघम ठेवायची पूर्ण मुभा आहे.

तपासणीच्या नोंदीवर फार विश्वास टाकू नका, आणि अविश्वासही दाखवू नका. वर लिहिलेलं असेल 'उजवी नळी सुजलेली'. चार ओळी खाली टेम्प्लेट, म्हणजे संगणकातला आधीच भरलेला नमुना, म्हणेल 'दोन्ही कान सामान्य'. त्याखाली हृदय, फुप्फुसं, पोट, सांधे, मनःस्थिती, सगळं ठीकठाक. एकेकाळी बिलाची पातळी ठरवताना किती अवयवसंस्थांची विचारपूस केली हे मोजत, म्हणून कानाच्या खाजेला पोटाची चौकशी चिकटली. २०२१पासून ओपीडीत ती मोजणी गेली. टेम्प्लेटला कुणी कळवलेलं दिसत नाही.

'बुरशीचा संशय' असं वाचलंत तर आधी बघा, बाई ओपीडीत आल्या होत्या की ॲडमिट होत्या. ओपीडीत संशयाला कोड नसतो. तिथं खाज सुटली तर फक्त खाज लिहायची. पण त्या ॲडमिट होत्या आणि घरी सोडतानाही डॉक्टरनं 'बहुधा बुरशी' असंच लिहिलं, तर नियमानं बुरशी होतीच असं धरून चालायचं. आपल्या संशयाला मान मिळावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी खाटेची सोय बघावी.

आता पैशाचं. कान-नाक-घसावाले तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या सुजेला जुनाट म्हणतात. भेटीचं बिल ठरवताना मात्र जुनाट आजार म्हणजे किमान वर्षभर, किंवा रुग्ण मरेपर्यंत, टिकेल असा. त्यामुळे चौथ्या महिन्यात निदानाचा कोड म्हातारा झालेला असतो आणि बिल अजून तरुण. दोघांना एकाच चार्टवर नांदवायचं काम तुमचं. पुढे जुन्या रुग्णाचा आजार 'स्थिर' असेल आणि थेंब लिहून दिले असतील, तर भेटीचा कोड साधारण ९९२१३. तोच आजार 'बळावला' असेल तर ९९२१४, आणि पैसे जास्त. यात स्थिर म्हणजे जसाच्या तसा, असं समजणारा कोडर ट्रेनिंगमध्येच गळतो. उपचाराचं उद्दिष्ट गाठलं नसेल तर आजार स्थिर नाही. खाज थांबवायची होती आणि ती पाच वर्षं रोज नेमानं तितकीच येते आहे? मग अस्थिर. हा नियम मला मनापासून आवडतो. ज्यांचा कान खाजतो त्यांनाही पटेल, पण त्यांना विचारायची पद्धत नाही.

बाजू सापडलीच नाही, तर नर्सची नोंद चाळा. बाजूपुरतं तिचं लिहिणं आता चालतं. तीही लिहायला विसरली असेल तर डॉक्टरला क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा लेखी प्रश्न, पाठवा. 'उजवाच ना?' असं विचारायचं नाही. ते उत्तर तोंडात घालणं होतं. उजवा, डावा, दोन्ही, इतर, सांगता येत नाही, असे पर्याय अदबीनं पुढे ठेवा आणि वाट पाहा.

वाट पाहताना औषधांची यादी उघडायचा मोह होईल. उघडू नका. उघडलीत तर दिसेल, निओमायसिनचे थेंब महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भरून दिलेत. काही जणांना त्या थेंबांचीच ॲलर्जी येते आणि औषधानंच कान चिघळत राहतो, हे तुम्ही परीक्षेत लिहिलंही असेल. लॉकर आठवा. क्वेरी बाजूसाठी असते, थेंबांसाठी त्यात रकाना नाही. तुमची अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली गेली तर टीम लीड बोलावून घेईल. बाईंची खाज कमी झाली नाही तर कुणी बोलावणार नाही.

डॉक्टरांचं उत्तर येईल: 'दोन्ही.' एच६०.६३ टाका, चार्ट पुढे ढकला. क्लेम पास होईल, ऑडिटर खूश होईल. काही आठवड्यांनी त्याच बाई, तेच थेंब, पुन्हा तुमच्याच रांगेत येतील. तेव्हा बाजू आधीच लिहिलेली असेल. तुमचं टार्गेट लवकर भरेल.