पान पिवळं दिसलं की एप्सम सॉल्ट? आधी मुळं बघा

‘कुंडीतलं लिंबू मरतंय? पाच उपाय, आठवड्यात हिरवंगार!’ हा मेसेज कधीचा फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं, पण मावशीने तो मनावर घेतला. रोज पाणी, वर चमचाभर एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट), आणि आता विचारते, “अगं, तरी पानं का गळतायत?” तरी नाही गं मावशी, त्यामुळेच.

मेसेज म्हणतो, पानं गळली की झाडाला तहान लागलीय, रोज पाणी द्या. पाच उपायांत सगळ्यात घातक हाच. सतत ओल्या मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात आणि मूळकूज लागते. ती लावणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचे बीजाणू तर चक्क पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून माती ओलीचिंब असताना झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान, आपण आणखी ओततो. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर हात आवरा. शंका असेल तर झाड अलगद कुंडीबाहेर काढा. बारीक मूळ चिमटीत धरून ओढल्यावर साल सुटून आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ते कुजलंय. ते कापा, निचरा होणाऱ्या ताज्या मिश्रणात लावा, खत तूर्तास नको.

दुसरं, ‘पान पिवळं म्हणजे मॅग्नेशियम कमी.’ पण कुठलं पान? मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी पानं पिवळी होतात आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी. जुनी पानं सरसकट फिकट, तर नत्र. मधली शीरच पिवळी, तर मुळांकडे बघा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या बागकामतज्ज्ञ लिंडा चाल्कर-स्कॉट यांनी घरच्या बागेतल्या एप्सम सॉल्टचा नीट समाचार घेतलाय: मॅग्नेशियमची कमतरता खरोखर असल्याशिवाय ते घालण्यात अर्थ नाही. जास्तीचं मॅग्नेशियम कॅल्शियम आणि पोटॅशियम शोषण्याच्या आड येतं. कुंडीत तर पाणी खालून वाहून गेलं नाही, की आपण घालू ते क्षार साठतच जातात.

बरं, एक मान्य. वारंवार पाणी घातलेल्या कुंडीतून मॅग्नेशियम वाहून जातं, त्यामुळे तो हिरवा त्रिकोण खरंच दिसत असेल तर एप्सम सॉल्ट उपयोगी पडतं. पण मेसेज लिहिणाऱ्याला त्रिकोणाचा पत्ताच नाही.

‘लिंबाच्या साली पुरा, माती आम्लधर्मी होते.’ म्हणजे लिंबाला लिंबूच खायला घाला! सालीतलं आम्ल सूक्ष्मजीव बघता बघता फस्त करतात, मातीचा सामू (pH) होता तिथेच राहतो आणि चिलटं तेवढी जमतात.

‘लगेच दुप्पट मोठ्या कुंडीत हलवा.’ मुळं पोचतच नाहीत ती माती ओलीच राहते. म्हणजे पुन्हा मूळकूज. एक माप मोठी कुंडी पुरे, तीही मुळं दाटली असतील तरच.

उरला पाचवा: ‘बुंध्यातून जोमदार फूट आली की समजा झाड वाचलं.’ ती कलमाच्या जोडाखालून आली असेल तर लिंबाची नाहीच, ज्या मुळाच्या झाडावर लिंबाचं कलम बांधलंय त्या खुंटाची आहे. खुंट ट्रायफोलिएट या तीन-पानी लिंबूवर्गीय झाडाचा असेल तर लगेच ओळखू येतं: एका पानाला तीन पर्णिका आणि लांब काटे. ही फूट वरच्या कलमाचं अन्नपाणी पळवते. कोवळी असतानाच जिथून फुटली तिथून मोडून टाका.